साळवे काकांसोबत कोण?

आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये पेशंट आला की आधी वजनकाट्यावर उभा राहतो, मग बेसिनपाशी जाऊन सुया टोचायचा हात साबणाने धुतो. साळवे काका थेट बेसिनकडे जायचे आणि हात धुण्याआधी नळाची तपासणी करायचे. नळ ठिबकत असला की माझ्याकडे असं बघायचे, जणू मी सकाळी लवकर येऊन तो मुद्दाम बिघडवून ठेवलाय.

"ताई, असा ठिबकला तर दिवसाला बादलीभर पाणी जातं."

"काका, मी टेक्निशियन आहे. प्लंबर नाही."

"ते दिसतंच आहे," म्हणून ते नळ घट्ट आवळायचे. एके दिवशी खिशातून वायसर आणि पाना घेऊन आले आणि कुणालाही न विचारता नळ खोलून बसले. सगळी मशीन चालू, नवा पेशंट दारात आणि हे गृहस्थ बेसिनखाली. मी त्यांच्यावर चांगलीच ओरडले. मी तापट आहे, हे आताच सांगून टाकते. माझ्या कामाचं कौतुक करणारे पेशंटसुद्धा आधी एवढं सांगून मगच कौतुक करतात.

काका जाऊन आता दीड वर्ष होईल. पाणी खात्यात ते चावीवाले होते. बाहेरगावच्या माणसाला हे पद समजावून सांगावं लागतं. जुन्या पेठांना पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि ते सोडायला एक माणूस पहाटे लांब लोखंडी चावी घेऊन सायकलवर फिरतो. रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी आत घालायची, इतके आटे फिरवले की ही गल्ली चालू, तितके उलटे फिरवले की ती बंद. चौतीस वर्षं काकांनी हे केलं. पुण्यात देवाला शिव्या देणारा माणूस शोधावा लागेल, पण पाणी दहा मिनिटं उशिरा आलं तर चावीवाल्याला शिव्या न देणारा सापडायचा नाही. काका म्हणायचे, "वेळेवर पाणी आलं म्हणून कुणी ‘वा’ म्हटलं नाही. नाही आलं की मात्र माझं नाव घराण्यासकट सगळ्यांना पाठ."

या नोकरीत त्यांचा कान तयार झाला होता. जमिनीखाली पाइप कुठे गळतोय हे बघायला सगळा रस्ता खणत नाहीत. लोखंडी दांडीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि खालचं पाणी ऐकायचं. वाहतं पाणी वेगळं वाजतं, गळतं वेगळं आणि अडलेलं त्याहून वेगळं. कुठे काही सापडेनासं झालं की साहेबलोक साळव्यांना बोलावून घ्यायचे. रिटायर झाल्यावर त्यांना ऐकायला एकच पाइप उरला, तो उजव्या मनगटातला.

म्हणजे फिश्चुला. किडन्या बंद पडलेल्या माणसाचं रक्त आठवड्यातून तीनदा बाहेर काढून मशीनमधून साफ करावं लागतं. साध्या शिरेतून तेवढं रक्त निघत नाही. म्हणून सर्जन हातातली एक रोहिणी शेजारच्या शिरेला जोडून देतात. रोहिणीचं जोरकस रक्त शिरेत शिरतं, शीर हळूहळू जाड होते आणि मग तिच्यात दर वेळी दोन सुया घालता येतात. त्या जोडावर बोट ठेवलं की आतून सतत एक थरथर लागते, मांडीवरचं मांजर गुरगुरतं तशी. थरथर आहे तोवर फिश्चुला जिवंत. आम्ही प्रत्येक पेशंटला बजावतो, रोज सकाळ-संध्याकाळ बोट ठेवून बघा आणि थरथर थांबली तर हातातलं जेवण टाकून इकडे या.

काकांच्या डाव्या हाताचा फिश्चुला पूर्वीच बंद पडला होता. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की हा उजवा गेला तर नवीन करायला बऱ्या शिरा उरलेल्या नाहीत. मग मानेत नळी घालायची, आणि मानेतली नळी म्हणजे आज ना उद्या जंतुसंसर्ग. त्यामुळे त्या हातात घड्याळ नाही, पिशवी नाही, त्या कुशीवर झोप नाही. बोट ठेवण्यावर काकांचं भागायचं नाही. ते दिवसातून कितीतरी वेळा मनगट सरळ कानाला लावायचे. बसमध्ये लोकांना वाटायचं, म्हातारा मोबाइलवर आहे. एकदा कोथरूडच्या बसमध्ये शेजारच्या कॉलेजच्या मुलीने विचारलं, "अंकल, पलीकडचं कोणी बोलत नाहीये का? नेटवर्क गेलं असेल." काका म्हणाले, "बोलतंय ना. पण गेली दोन वर्षं एकच वाक्य."

डायलिसिस चार तास चालतं. बाकीच्या पेशंटजवळ कुणी ना कुणी असतं. बायको इडलीचे तुकडे करून भरवते, मुलगा लॅपटॉप उघडून ‘यू आर ऑन म्यूट’ करत बसतो, सून कंटाळून पाय हलवते. काकांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर त्यांची पिशवी असायची. दुसऱ्या कुणाचा नातेवाईक उभा दिसला की ते लगेच पिशवी उचलायला लावून म्हणायचे, "घ्या हो स्टूल. माझ्याकडे कुणी यायचं नाहीये." उजव्या हातात सुया, आणि डाव्या हाताने जेवणं त्यांना पटायचं नाही, म्हणून चार तास काही खायचे नाहीत. मी दोनदा विचारलं, भरवू का? "नको ताई, सवय लागेल," म्हणाले. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

त्यांना पाणीसुद्धा मोजून होतं. लघवी होत नाही, प्यायलेलं सगळं अंगात साठतं, म्हणून दिवसाला दोन-अडीच पेले. औषधाच्या एका जुन्या बाटलीवर त्यांनी पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्यातून ते घोट घेत. "निम्म्या पुण्याला पाणी पाजलं," ते म्हणायचे, "आणि आता माझीच चावी साहेबांनी दोन आट्यांवर ठेवलीय."

शेजारच्या खुर्चीवर लेले असायचे आणि लेल्यांपेक्षा जास्त लेलेबाई असायच्या. नारायण पेठेतल्या, जिभेला हाड नाही, पण नवऱ्याचं एकही डायलिसिस त्यांनी चुकवलं नाही. एक दिवस काका कुणाला तरी चावीची गोष्ट सांगत होते. बाईंनी वाचत असलेलं मासिक खाली ठेवलं.

"आमच्या गल्लीत सायकलवरून यायचा तो मेला चावीवाला तुम्हीच होय?"

"मीच. आणि वरच्या खिडकीतून ‘मेला’ म्हणायच्या त्या तुम्हीच होय?"

सगळा वॉर्ड हसला. लेलेबाई मात्र जरा वेळाने, आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "तुम्ही एकदा मे महिन्यात आमच्याकडे प्यायला पाणी मागितलं होतंत. सासूबाईंनी ओंजळीत वरून ओतलं होतं. मी मागे उभी होते."

काकांनी थोडा विचार केला. "माठातलं होतं. गार होतं," म्हणाले. बाईंनी मासिक पुन्हा उचललं, पण त्या दिवशी त्यांनी पान काही उलटलं नाही.

आता माझी चूक. आमच्या धंद्यात नवशिक्याकडून होणारी आहे, आणि मी तर नवशिकी नव्हते. एका सकाळी मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. बोटाला जोरदार ठोके लागले.

"वा काका! आज अगदी जोरात चाललाय."

"बोटं नीट ठेवा, ताई. हे वाहणं नाही, हे धडकणं आहे. पुढं कुठंतरी चावी अर्धी बंद झालीय."

"मशीनवर प्रेशर व्यवस्थित येतंय. तुम्ही गप्प पडून राहा बरं."

ते गप्प राहिले. पुढच्या आठवड्यात मशीन दर पाच मिनिटांनी कोकलायला लागलं, रक्त परत जाताना अडत होतं. सुया काढल्यावर एरवी दहा मिनिटांत थांबणारं रक्त अर्धा तास दाबून धरलं तरी थांबेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोकळ्या शिरेत थरथर लागते. शीर पुढे अरुंद झाली की रक्त मागे तुंबतं आणि बोटाला ठोका लागतो. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. बोट दाबून धरलेल्या त्या अर्ध्या तासात मला त्यांच्याकडे बघवेना. माफी मागणं मला कधी नीट जमलेलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतंत." ते म्हणाले, "दाबून धरा. बोललात की बोट सैल पडतं."

मग डॉक्टरांनी फुगा करायचं ठरवलं. शिरेतून बारीक तार घालतात, तिच्यावरून एक लांबट फुगा अरुंद जागी नेतात आणि दाबाने फुगवून शीर रुंद करतात. आमच्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर कॅथलॅबमध्ये हे चालतं. त्या पहिल्या वेळी काकांचा पुतण्या मांजरी गावाहून मोटारसायकलवर आला, फॉर्मवर सही केली आणि बाहेर बसून मोबाइल बघत राहिला. मी साहेबांची परवानगी काढून आत गेले. अपराधी वाटत होतं, आणि आतापर्यंत हे कधी बघितलंही नव्हतं.

काका जागे होते, हात फक्त बधिर केलेला. पडद्यावर त्यांची शीर काळी दिसत होती आणि मध्येच एके ठिकाणी सुतळी बांधल्यासारखी आवळलेली.

"काका, आता बलून इन्फ्लेट करतोय. थोडं पेन होईल, ओके?" डॉक्टर तरुण होते.

"किती दाब देताय?"

डॉक्टरांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. हातातल्या पंपावरचा काटा बघून ते म्हणाले, "आता आठ. बारापर्यंत नेईन."

"बारा?" काका डोकं उचलायला लागले. "अहो, आमच्या लाइनीत एवढा दाब सोडला असता तर पेठेतले सगळे सांधे उडाले असते."

"काका, प्लीज, हलू नका."

काटा चढत गेला. काकांनी डोळे मिटले, दात आवळले, पायाची बोटं चादरीखाली ताणली गेली. पडद्यावर फुगा मध्ये आवळलेला होता, तो एका क्षणी फटकन सरळ झाला. डॉक्टर म्हणाले, "अडथळा गेला." काकांनी डोळे उघडले आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर मनगट उचलून कानाला लावायला निघाले. सिस्टर किंचाळली, निर्जंतुक कापड सगळं गोळा झालं, आणि त्या तरुण डॉक्टरला हसू आवरेना.

बाहेर आणल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की हे कायमचं नाही, काही महिन्यांत शीर पुन्हा आवळू शकते, लक्ष ठेवा. पुतण्याचा चेहरा पडला. काका त्याला म्हणाले, "अरे, पाइप एकदा साफ केला म्हणजे जन्माचा साफ, असं कुठं झालंय का? गाळ येतोच."

त्या दिवसापासून आमचा एक रिवाज पडला. सुया घालायच्या वेळी आधी ते ऐकायचे, मग मी बोटं ठेवायचे, आणि मी जे सांगेन त्यावर ते पास-नापास ठरवायचे. "आज मोकळं आहे." "पास." "कोपराकडे जरा कमी वाटतंय." "पास. शिकलात." हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी बोटं लवकर उचलली की ते म्हणतात, "अजून नीट बघा, अजून नीट." एकदा मी चिडून म्हणाले, काका, सगळं ठीक आहे, किती वेळ बघू? ते जरा ओशाळले. म्हणाले, "बघा तेवढंच. महिन्यात माझ्या हाताला हात लावणारी माणसं म्हणजे तुम्हीच." मी पुन्हा बोटं ठेवली. घाई होती, तरी ठेवली.

बायकोबद्दल ते एकदाच बोलले. बाहेर कुणाच्या तरी नातेवाइकांचं भांडण चाललं होतं, किडनी कोणी द्यायची यावरून. ते ऐकत काका म्हणाले, "आमच्याकडे भांडण उलटं झालं होतं. मी नको म्हणत होतो, सुशीला ऐकेना." त्यांना मूलबाळ नव्हतं. सुशीलाबाई शाळेत शिपाई होत्या. त्यांनी आपली एक किडनी नवऱ्याला दिली आणि ती अकरा वर्षं चालली. त्यातल्या नवव्या वर्षी एका दुपारी स्वयंपाकघरात बाई बसल्या त्या उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं. "ती गेली, पण तिची किडनी माझ्यात चालू होती की. सकाळी लघवीला गेलो की वाटायचं, बाई कामावर आहे." दोन वर्षांनी तीही किडनी बंद पडली. "दोनदा गेली ती माझी, ताई. पहिल्या वेळी सगळी वस्ती लोटली होती, विहारातली माणसं आली, वंदना झाली. दुसऱ्या वेळी समाचाराला कुणी आलं नाही."

 मी मशीनचे आकडे लिहून घेतले.

सात-आठ महिन्यांनी काकांनीच सांगितलं, "पुन्हा आवळतंय." मी बोटं ठेवली. खरंच ठोका लागत होता. या वेळी मी लगेच डॉक्टरांना कळवलं, दोन दिवसांतली तारीख मिळाली. सकाळी फुगा आणि त्यानंतर वर येऊन डायलिसिस असं ठरलं. साडेदहा वाजले तरी काका वर आले नाहीत म्हणून मी खाली गेले. ते काउंटरसमोरच्या बाकावर बसले होते. मांडीवर फाइल, सकाळपासून पोटात अन्न-पाणी नाही. आठ वाजल्यापासून तिथेच होते.

काउंटरवरच्या माणसाने तोच प्रश्न त्यांना तीनदा विचारला होता, सोबत कोण आहे? नातेवाइकाची सही झाल्याशिवाय आत घेत नाहीत. पुतण्या येणार होता. त्याचा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभी होते, त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तात्या, उसाला तोड आलीय. टोळी रानात उभी हाय. आज मला न्हाई हलता येत."

"बरं, बरं. ऊस बघ आधी," काका म्हणाले. मग मला म्हणाले, "त्याचंही खरं आहे. टोळी एकदा गेली की पुन्हा येत नाही."

थोडा वेळ ते फाइलची दोरी सोडत-बांधत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही कराल का सही?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. आणि मी म्हणाले, "काका, स्टाफला नातेवाईक म्हणून सही करता येत नाही. नियम आहे." खोटं नव्हतं ते. नियम होताच. वर माझी दोन मशीन अडली होती, त्या महिन्यात आधीच एकदा साहेबांचं बोलणं खाल्लं होतं. पण मी ते ज्या सुरात म्हणाले तो सूर नियमातला नव्हता, माझा होता.

"बरोबर आहे," काका लगेच म्हणाले. "नियम म्हटल्यावर संपलं."

लेलेबाई चहा आणायला खाली आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. थर्मास बाकावर ठेवला, काउंटरवर गेल्या, फॉर्म ओढून घेतला आणि सही ठोकली. पेशंटशी नातं या रकान्यात त्यांनी काहीतरी लिहिलं. काउंटरवाल्याने वाचून मान वर केली.

"मॅडम, ‘आमच्या गल्लीचे’ हे नातं नाही चालत."

"पुण्यात हेच चालतं. पुढचं बघा."

चाललं. फुगा झाला, हात मोकळा झाला, दुपारी काकांचं डायलिसिसही झालं. त्या दिवशी लेलेबाईंनी त्यांना न विचारता चमच्याने दहीभात भरवला. काकांनी हूं की चूं केलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात लेले गेले. बाईंचं सेंटरला येणं आपोआपच थांबलं. शेजारची खुर्ची दुसऱ्याला मिळाली, एका आयटीवाल्याला, जो चारही तास कानात काहीतरी घालून झोपायचा. काका एकदा बाईंना भेटून आले. "कशा आहेत?" मी विचारलं. "गप्प आहेत," म्हणाले. "वाईट वाटलं. त्या बाईनं गप्प बसू नये."

त्यानंतर मला वाघोलीच्या नव्या सेंटरला जायचा आदेश आला, आणि इथल्या माझ्या शेवटच्या दिवशी जी झाली ती माझी आणि काकांची शेवटची भेट. पुढे तो हात शेवटपर्यंत चालला. आठ महिन्यांनी काका झोपेत गेले, तेही हृदय थांबून. हे मला लेलेबाईंनी फोनवर कळवलं. म्हणजे हाताने दगा दिला नाही. त्याचं मला बरं वाटलं, आणि फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

तर तो शुक्रवार. काकांचा वार मंगळ-गुरु-शनि, त्यामुळे ते त्या दिवशी यायचा प्रश्नच नव्हता. गुरुवारी मी बोटं ठेवायला गेले तेव्हा मात्र ते म्हणाले होते, "मी ऐकलंय. ठीक आहे." मी जायच्या गडबडीत होते, दोन बोटं टेकवली न टेकवली आणि सुया घातल्या. शुक्रवारी दुपारी मी एका पेशंटचं मशीन लावत होते आणि जिन्यातल्या स्पीकरवरून आवाज आला.

"पेशंट भास्कर साळवे यांच्या नातेवाईक, सुशीला साळवे, आपण कॅथलॅबपाशी यावं."

मला वाटलं, नावासारखं नाव असेल. दोन मिनिटांनी पुन्हा. "सुशीला साळवे, आपण जिथे असाल तिथून कॅथलॅबपाशी यावं." मी हातातलं काम जोडीदाराकडे दिलं आणि जिन्याने धावत खाली गेले.

काउंटरवरचा माणूस वैतागलेला होता. "मॅडम, हे काका तुमचेच ना? प्रोसिजर होऊन तासभर झाला. मिसेस चहाला गेल्यात म्हणाले. फोन लावतोय तर नंबरच अस्तित्वात नाही म्हणतोय. एवढा कसला चहा पितात?"

त्याने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. खाली सही होती, जपून जपून काढलेल्या वाकड्या अक्षरात. सुशीला भास्कर साळवे. नातं, पत्नी. एवढ्या वर्षांच्या रेशनकार्डावर आणि किडनीच्या कागदांवर बघितलेली बायकोची सही त्यांनी डाव्या हाताने काढली होती. उजवा हात त्यांनी तेवढ्यालाही वापरला नाही.

मी त्या माणसाला काही सांगितलं नाही. आत गेले. कॅथलॅबच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये, भिंतीला लावलेल्या स्ट्रेचरवर काका एकटे पडले होते. हाताला पट्टी. मी पट्टीच्या वर बोटं ठेवली. मोकळी, सुरेख थरथर लागत होती.

"पास?" त्यांनी विचारलं.

मी भडकले. मला तेवढंच येतं. "काल सगळं माहीत होतं ना तुम्हाला? आवळलंय हे कळलं होतं. मला का नाही सांगितलं? कोणीतरी बघितलं असतं, काहीतरी केलं असतं!"

"तुम्हाला नियम आहे ना, ताई," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. "आणि लेलेबाईंना आता कुठं त्रास द्यायचा? मग म्हटलं, जिची सही पहिल्यापासून चालत आलीय तिचीच करावी."

मी त्यांच्या छातीवरची चादर नीट केली. मी म्हणाले, "मी काउंटरला सांगून येते. नियम गेला खड्ड्यात, माझी सही घ्या म्हणते. ते पुकारणं तरी थांबवू देत."

मी वळले तर त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली.

"थांबा ताई. अजून एकदा पुकारू द्या."

मी परत वळले.

"पाच वर्षं झाली," काका म्हणाले. "माझ्याशिवाय तिचं नाव कुणी घेत नाही. आज तासाभरात पाचदा घेतलं. आणि कसं घेतायत बघा, जशी काय इथंच कुठंतरी आहे. जिन्यात असेल, येतच असेल."

मी गेले नाही. स्ट्रेचरच्या कडेला हात ठेवून तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने वर स्पीकर खरखरला, पुकारणाऱ्या बाईंनी सुशीला साळवे यांना पुन्हा बोलावलं, आणि आम्ही दोघं दाराकडे बघत राहिलो.